चांगल्या तारेवरचं घर

२३ नोव्हेंबर

"हे खाणार किती?"

कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डाचा खोका उघडल्यावर वडिलांनी पहिला प्रश्न हा विचारला. घोडा विकत घेताना विचारतात तसा. हिवाळा तोंडावर आला की आमच्याकडे नव्या जनावराचं रूप कोणी बघत नाही, त्याला चारा किती लागेल ते बघतात.

मला उत्तर देता आलं नाही. आता एकटी बसून लिहितानाही देता येत नाही. खोक्यावर साडेचारशे वॅट लिहिलंय, पण ते नुसत्या कार्डाचं. त्याच्या जोडीला कॉम्प्युटर आला, त्याचे पंखे आले. कामाला जोर आला की पापणी लवेपर्यंत ते दुप्पटही ओढतं, असं वापरणारे लोक लिहितात. बिश्केकला पाच वर्षं शिकले, घराण्यातली पहिली पदवी माझी, आणि वडिलांच्या पहिल्याच प्रश्नाला मी म्हणाले, "बघावं लागेल, आके."

"म्हणजे पुष्कळ," वडील म्हणाले.

संध्याकाळी गल्लीतली माणसं बघायला आली. नवी सून, नवं बाळ, नवी गाडी, काहीही पहिल्यांदा बघायचं तर रिकाम्या हाताने बघू नये. समोरच्या कलीपा एजेंनी खोक्यावर मूठभर गोळ्या आणि एक रुमाल ठेवला. म्हणाल्या, "सूनच आली म्हणायची. रंगाने काळी आहे, पण थोराघरची दिसते." सगळ्या बायका हसल्या.

त्यांचे नवरे कसिमाली आबा सर्वांत शेवटी आले. गल्ली ओलांडायला त्यांना दोनदा थांबावं लागलं. कोळशाच्या खाणीने त्यांची फुप्फुसं खाल्ली. खाण सुटल्यावर घोड्यांच्या खेळांत भोंग्यावरून सगळ्या खोऱ्याला ऐकू जाईल असं बोलायचे. आता दिवसभर ऑक्सिजनच्या मशीनला नळीने बांधलेले असतात. नळी काढून एक कप चहा होईल एवढाच वेळ बाहेर राहू शकतात. कार्डाकडे त्यांनी नीट पाहिलंही नाही.

"यात मी बसणार?"

"तुमचा आवाज बसेल, आबा."

"मग ठीक. मला हल्ली कुठेच बसवत नाही."

उन्हाळ्यात, जरा बरं वाटत होतं तेव्हा, त्यांनी माझ्यासमोर बसून शाळेची कितीतरी पुस्तकं वाचली. तो आवाज या कार्डाच्या जोरावर कॉम्प्युटरला शिकवायचा, म्हणजे आंधळ्या मुलांना कुठलंही किर्गिझ पुस्तक ऐकता येईल. आज जी यंत्रं वाचून दाखवतात ती आपली भाषा अशी वाचतात, जशी कोर्टात नावं पुकारतात. आंधळ्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका फाउंडेशनने कार्ड दिलं ते अटीवर: गावातच ठेवायचं, आणि मार्चमधल्या नूरूझच्या सणापर्यंत कॉम्प्युटरने पाचवीचं साहित्याचं पुस्तक सबंध वाचून दाखवायचं. जमलं तर पुढची सगळी पुस्तकं आबांच्या आवाजात. नाही जमलं तर कार्ड दुसऱ्या जिल्ह्यात जाईल आणि आवाज शहरातल्या कुणा निवेदकाचा घेतील.

जमेल. जमवायचंच आहे.

२६ नोव्हेंबर

कार्ड शाळेत ठेवायचं ठरवलं होतं. दामिरा एजे मुख्याध्यापिका झाल्यापासून कोणत्याही गोष्टीला आधी "नाही" म्हणतात, मग ऐकतात. आज ऐकलंही नाही.

"शाळेचा बॉयलर विजेवर आहे. तुझं कार्ड लावलं तर पहिलीच्या वर्गात पोरं गोठतील."

"पण एजे, हे शाळेसाठीच आहे."

"शाळेसाठी काही करायचं असेल तर खिडक्यांच्या फटी बुजव. त्यालाही पदवी चालते."

शिक्षकांच्या खोलीत सगळे हसले. मी फटी बुजवल्या. चिकटपट्टी आणि जुन्या चिंध्यांनी, दुपारभर. मग कॉम्प्युटर हातगाडीवर घालून घरी आणला.

१ डिसेंबर

पहिला प्रयत्न. कार्ड चालू झालं आणि घरातला दिवा लोण्यासारखा पिवळा पडला. मीटर लावून बघितलं तर व्होल्टेज एकशे सत्तरच्या खाली. कॉम्प्युटर आपोआप बंद झाला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा बंद.

विद्यापीठात आम्हाला सगळं शिकवलं. भिंतीतल्या प्लगमागे काय असतं ते कोणी शिकवलं नाही. तिथे प्लग म्हणजे झरा, कधी न आटणारा.

दुकानात शेजारच्या उलानची बायको सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "शार्शेनची पोर पाच वर्षं शिकली आणि घरी काय आणलं, तर शेगडी. तीही चालत नाही." वडील तिथेच उभे होते. त्यांनी पिठाची गोणी खांद्यावर घेतली आणि निघाले. घरी येईपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही.

९ डिसेंबर

फाउंडेशनने स्टॅबिलायझर पाठवला. आता कॉम्प्युटर बंद पडत नाही, पण स्टॅबिलायझर सतत टकटक करतो आणि तापतो. तो वीज तयार करत नाही. तारेत व्होल्टेज कमी असलं की जास्त करंट ओढून आपलं माप पुरं करतो, एवढंच.

कार्डाला लगामही घातला. साडेचारशेवरून तीनशेवर आणलं. वेग फारसा कमी झाला नाही. वडिलांना हे लगेच कळलं. "चांगला घोडा असाच असतो. दाणा थोडा तोडला तरी चालतो."

उष्णतेचा हिशेब मात्र सुटत नाही. जेवढी वीज आत जाते तेवढी ऊब होऊन बाहेर येते, वाया काहीच जात नाही. म्हणून कॉम्प्युटर मागच्या थंड खोलीत ठेवला, म्हणजे पंख्यांना श्रम कमी. तर वडील रात्री गाडीच्या इंजिनावर घालतात तो नमद्याचा जाड लोकरी तुकडा घेऊन आले. "गारठेल ते." त्यांना समजावताना माझं तोंड दुखलं. आई त्या खोलीत रोटीची कणीक फुगायला ठेवून गेली. म्हणते, चुलीपाशी एवढी छान फुगत नाही.

तरीही काम फार हळू चाललंय. संध्याकाळी सगळ्या घरांत दिवे लागले की व्होल्टेज इतकं पडतं की स्टॅबिलायझरही हात टेकतो. या चालीने नूरूझ काय, पुढचा उन्हाळा येईल. आज जेवताना मी हे बोलून दाखवलं. म्हणाले, कदाचित बिश्केकलाच नोकरी धरावी लागेल. वडिलांनी रोटी मोडली आणि कोणालाच दिली नाही.

१७ डिसेंबर

व्होल्टेज दोनशे पंधरा! दिवसभर! संध्याकाळीसुद्धा!

काल वायरमन तुरात बाइके आले होते. आईने परतलेलं मटण समोर ठेवलं, वडिलांनी त्यांना फाटकापर्यंत सोडलं आणि थंडीत बराच वेळ बोलत उभे राहिले. हिवाळ्यासाठी कापलेल्या मेंढीचा अर्धा भाग वडिलांनी त्यांच्या गाडीत ठेवला. वडिलांना इतकं उदार मी कधी पाहिलं नव्हतं.

आज सकाळी तुरात बाइके खांबावर चढले, काहीतरी केलं आणि उतरले. मी विचारलं तेव्हा वडील म्हणाले, "तार ढिली होती. आवळली."

एवढी साधी गोष्ट! आणि मी महिनाभर गणितं मांडत बसले होते.

२० डिसेंबर

कलीपा एजे वाडगंभर दही घेऊन आल्या. आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"तुमचा दिवा नीट आहे ना, पोरी?"

"एकदम छान, एजे! तार आवळली ना."

"हो का." थोड्या थांबल्या. "आमचं मशीन हल्ली शिट्टी मारतं."

मी म्हणाले, मागची जाळी धुळीने भरली असेल, काढून धुवा. उद्या येऊन मीच धुऊन देते. त्या बरं म्हणाल्या. शेजारचं वाडगं रिकामं परत करायचं नसतं. आईने त्यात तळलेल्या बोर्सोकांची चळत भरून दिली. देताना आई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. तिची पाठ दुखत असावी.

२ जानेवारी

कॉम्प्युटरने पहिलं वाक्य म्हटलं. आबांच्या आवाजात, तोच खरखरीतपणा, शब्द संपताना जरा वर उचलायची तीच सवय. मी लॅपटॉप घेऊन तशीच पळत समोर गेले.

आबा पलंगावर उशांना टेकून बसले होते. मशीन बंद होतं. मी विचारलं, तर म्हणाले, "घरघर करतं. ऐकू द्यायचं नाही ते मला."

दोनदा ऐकलं. मग हसले. "हा तर तरुण आहे गं. याला दम लागत नाही." पुन्हा म्हणाले, "एवढं लांब वाक्य मी एका दमात कधी वाचलं? खोटारडा आहे हा."

"तुम्हीच वाचलंत, आबा. उन्हाळ्यात."

"उन्हाळ्यात," ते म्हणाले आणि डोळे मिटले.

त्यांचे ओठ निळसर दिसत होते. थंडीच तेवढी आहे. कलीपा एजे कोपऱ्यात बसून माझ्याकडे बघत होत्या. आनंद झाला असेल, पण त्या कधीच दाखवत नाहीत.

गल्लीतही बरं चाललंय. उलानच्या आणि त्यापलीकडच्या घरातही आता दिवे लख्ख असतात. वडिलांनी आईसाठी विजेचा हीटर आणला. एक तार आवळली आणि सगळ्यांचं भलं झालं.

१४ जानेवारी

कलीपा एजेंना माझ्या कामात खरोखर रस आहे. आज वाडग्यात कुरूत, वाळवलेल्या दह्याचे गोळे, घेऊन आल्या आणि विचारलं, "तुझं यंत्र किती वाजता चालतं?"

"सतत, एजे. शिकायला लागलं की थांबवून चालत नाही."

"संध्याकाळी पण?"

"हो, संध्याकाळीसुद्धा."

"आणि पहाटे?"

मी अभिमानाने सांगितलं की पहाटे तर सगळ्यांत चांगलं चालतं. त्यांनी मान हलवली. बाहेर पडताना आईला म्हणाल्या, "बुरुल, तुझी मुलगी हुशार आहे." आई कुरूताचं वाडगं रिकामं करायला आत गेली. मग दिवसभर माझ्यावरच चिडचिड करत होती.

२७ जानेवारी

हे नीट, क्रमाने लिहिते.

आबांचं मशीन रोज अडखळतंय असं कळलं. जाळी धुऊन झाली, नळी बदलून झाली, तरी शिट्टी थांबेना. मला वाटलं, मशीनच बिघडलंय. तसं लिहून पाठवलं तर दुरुस्तीला नेतील. पुरावा असावा म्हणून मीटर घेऊन गेले.

त्यांच्या प्लगमध्ये मीटर लावलं. एकशे साठ.

मला आधी वाटलं मीटर बिघडलं. सकाळी माझ्या घरी दोनशे दहा होतं. समोरासमोर घरं, मध्ये फक्त गल्ली. मग डोक्यात काहीतरी हललं. घरी आले, कार्ड थांबवलं, स्टॅबिलायझर बंद केला. आईला म्हटलं, हीटर काढ. "कशाला?" "काढ." परत समोर गेले. मीटर वर सरकलं होतं. सगळं नाही, पण सरकलं होतं, आणि मशीनची शिट्टी थांबली होती.

मी वेड्यासारखी त्या आकड्याकडे बघत राहिले. आबा पलंगावरून मला बघत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"खाणीत दिवा पिवळा पडला की कळायचं, वर कोणीतरी मोठं यंत्र चालू केलं. माझ्याच घरात कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू बंद केलं असतंस."

कलीपा एजे चुलीपाशी होत्या. वळल्या आणि एकदम बोलल्या. "मी बोलणार होते. यांनी शपथ घातली. म्हणून मी नुसती वाडगं घेऊन येत राहिले. तू शिकलेली. मला वाटलं, समजेल."

खांबावर तीन तारा आहेत. गल्लीतली घरं तिन्हींवर वाटलेली. आमच्याकडे ज्याला जमेल तो वायरमनला खाऊपिऊ घालून आपलं घर बऱ्या तारेवर घेतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. एवढंच माहीत नव्हतं की शरद ऋतूत आबांचं मशीन आलं तेव्हा गावप्रमुखाने एक तार हलकी ठेवायला सांगितलं होतं. तिच्यावर फक्त आबांचं घर आणि दोन म्हाताऱ्यांची घरं. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मी तेव्हा बिश्केकला कागद जमवत होते. डिसेंबरात वडिलांनी आमचं घर त्या तारेवर नेलं. आमचं उजळलेलं घर बघून उलान गेला, मग त्यापलीकडचे गेले.

वडिलांना विचारलं.

"ती तार कोणासाठी होती, माहीत होतं?"

"तार सरकारची आहे."

"आके."

ते दुरुस्तीसाठी गाडीखाली आडवे झाले होते. तिथूनच बोलले. "तू जाणार होतीस. सगळ्यांच्या पोरी गेल्या. मला वाटलं, यंत्र इथे चाललं तर तू इथे राहशील."

मी म्हणाले, उद्याच्या उद्या परत फिरवा. ते म्हणाले, तुरातला आता कोणत्या तोंडाने सांगू? आणि फक्त आपण फिरून काय होणार, उलान फिरेल? हे शेवटचं खरं होतं. खऱ्या गोष्टीच्या आड लपणं किती सोपं असतं.

३० जानेवारी

सध्या फक्त दुपारी चालवते, गल्लीत वापर कमी असतो तेव्हा. आधी समोर जाऊन मीटर बघते, मगच चालू करते.

हिशेब मांडला. माझं कार्ड लगामानंतर तीनशे, बाकी कॉम्प्युटर धरून साधारण साडेचारशे. आईचा हीटर दोन हजार. उलानकडे असे दोन. म्हणजे मी सगळ्यांत कमी खाते. हे लिहून झाल्यावर बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःची किळस आली. हीटर लावायला कोणीही ती तार मागितली नव्हती. मागितली ती माझ्यासाठी.

९ फेब्रुवारी

उणे तीस. सगळ्या गल्लीने जे होतं ते चालू केलं. दुपारी कलीपा एजे डोक्यावर काही न घेता गल्लीत धावत आल्या. मशीन बंद पडलं होतं, पुन्हा सुरूच होत नव्हतं.

वडील आधी धावले. गाडीच्या इंजिनावरचा नमदा काढला, आबांना त्यातच गुंडाळलं, मागच्या सीटवर घातलं आणि नारिनच्या दवाखान्याकडे निघाले. मी खिडकीतून आबांचा हात धरायला गेले तर कलीपा एजेंनी काच वर केली.

आज माझं कार्ड बंद होतं. सकाळपासून बंद होतं. हे कोणालातरी सांगावंसं वाटतंय, आणि सांगायला कोणी नाही.

१० फेब्रुवारी

वडील परत आले. आबा वाचले. आता नारिनला मुलीच्या फ्लॅटमध्ये राहतील. "तिथे वीज चांगली आहे," वडील म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

दुकानात उलानची बायको म्हणत होती, पोरीच्या यंत्राने म्हाताऱ्याचा श्वास प्यायला. तिच्या घराच्या खिडकीतून तिचा हीटर रस्त्यावरून दिसतो. लाल.

१८ फेब्रुवारी

समोरच्या घराला कुलूप आहे. व्होल्टेज दोनशे वीस.

जेवताना वडील म्हणाले, "आता लाव की. आता कोणाचं काय जातंय?"

आई म्हणाली, "शार्शेन."

"काय चुकीचं बोललो? तार मोकळी झाली."

मी उठून मागच्या खोलीत गेले, दार लावलं, आणि कार्ड चालू केलं. आबांचा फोन आला होता सकाळी. पहिला प्रश्न, "झालं का?" मी म्हणाले, होत आलं. मग लावणार नाही तर काय? त्यांनाच हवंय. असं मी स्वतःला सांगितलं.

२६ फेब्रुवारी

आवाज सुंदर झालाय. दोन धडे सबंध वाचले. विनोदाच्या जागी तो जरा थांबतो, तसं आबा थांबायचे. आई मागच्या खोलीत कणकेचं घमेलं घेऊन आली, ऐकत उभी राहिली आणि तशीच परत गेली. घमेलं ठेवलं नाही.

कलीपा एजेंशी फोनवर बोलले. फोन माझा होता, म्हणून उचलायला वेळ लावला त्यांनी.

"कसे आहेत?"

"खिडकीतून समोरची भिंत बघतात. घोडे कुठे आहेत विचारतात. डॉक्टर म्हणाले, घरी मशीन नीट चालणार असेल तर खुशाल न्या."

"मग?"

"मग काय? नीट चालणार आहे का?" त्याच म्हणाल्या, "आणि यांचं एकच. तिचं पुस्तक पुरं होऊ दे, तोवर मी तारेच्या मध्ये येत नाही. मरणाला टेकले तरी मोठेपणा सुटत नाही. माझा तिसऱ्या मजल्यावर जीव गुदमरतो, ते कोणी विचारत नाही."

२ मार्च

गावप्रमुखाकडे गेले. मी म्हणाले, ती तार पुन्हा हलकी करा.

त्यांनी चहा ओतला. "पहिलं मेंढरू उडी मारतं तिथूनच कळप जातो. तुझा बाप पहिला गेला. तो पहिला परत येऊ दे, मग उलानला मी बघतो. तोवर मी कोणत्या तोंडाने सांगू?" मग हसले. "पण घाई काय आहे? तुमचं नूरूझचं काम होऊ दे. गावाचं नाव होईल. म्हातारा तिथे उबेत आहे."

सगळे इतकं गोड बोलतात. कोणीच खोटं बोलत नाही.

जुन्या तारेवर कार्ड चालणार नाही. डिसेंबरात बघितलंय. नूरूझला जेमतेम तीन आठवडे उरलेत आणि पुस्तक अर्ध्यावर आलंय. पुस्तक पुरं केलं तर फाउंडेशन पुढची पुस्तकं देईल, म्हणजे कार्ड वर्षभर चालत राहील, याच तारेवर. आबा भिंत बघत बसतील आणि त्यांचा आवाज घोड्यांचे धडे वाचेल. बिश्केकला घेऊन जा म्हणणारे आहेत, पण फाउंडेशनला विचारलं तर म्हणाले, अट म्हणजे अट, कार्ड गावाचं.

आणि आबांना विचारलं तर ते म्हणणार, पुरं कर. म्हणूनच त्यांना विचारता येत नाही.

८ मार्च

शाळेत फुलं वाटली. सगळ्या बायकांना एकेक. दामिरा एजे मला म्हणाल्या, "तुझा चेहरा असा का? फटीतून वारा येतोय का?" त्यांना पहिल्यांदाच माझ्याशी बरं बोलायचं होतं, असं वाटलं.

११ मार्च

तुरात बाइकेंना काल सकाळी बोलावलं. वडील घरी नसताना नाही. असताना.

ते म्हणाले, "पोरी, आता त्या तारेवर आजारी कोणी नाही. उगाच कशाला?"

"फिरवा."

"शार्शेन, तू सांग हिला."

वडील फाटकात उभे होते. काही बोलले नाहीत. मला वाटलं होतं, ओरडतील. त्यापेक्षा ते वाईट होतं. तुरात बाइकेंनी थोडा वेळ त्यांच्याकडे, थोडा वेळ माझ्याकडे बघितलं, आणि पायाला काटे बांधून खांबावर चढले. गल्ली बघायला बाहेर आली. उलानची बायको म्हणाली, "बापाला भर रस्त्यात उघडं पाडलं. हेच शिकायला गेली होती वाटतं." तिच्या शेजारची म्हणाली, "आता आपल्यालाही फिरायला लावतील, बघ." म्हणजे कळतंय त्यांना.

घरात दिवा पुन्हा लोण्यासारखा पिवळा झाला. आईने हीटर गुंडाळून कपाटावर टाकला आणि चुलीत कोळसा घातला. मला म्हणाली, "बापाशी तू आधी बोल. तो बोलणार नाही." मी अजून बोललेले नाही.

कार्ड आज सकाळच्या गाडीने बिश्केकला गेलं. सोबत कागदावर खरं कारण लिहून दिलं, कोणावर न ढकलता. दुपारी फाउंडेशनच्या बाईंचा फोन आला. त्यांना वाईट वाटलं, पण त्यांच्याकडे एक चांगला निवेदक आहे म्हणे, त्याचे उच्चार फार शुद्ध आहेत. आबांचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. त्याचं कधीतरी काहीतरी करू, असं मी इथे लिहिणार नाही.

मग नारिनला फोन लावला. कलीपा एजेंना सांगितलं, आमचं घर परत गेलं, उलानचं आणि पलीकडचं अजून तिथेच आहे, गावप्रमुखाने शब्द दिलाय, तो पाळला जाईपर्यंत मी रोज त्यांच्या दारात जाऊन बसणार आहे. त्यांनी ऐकून घेतलं.

"आणि पुस्तक?"

"राहिलं."

मग म्हणाल्या, "त्यांना तू सांग. मी सांगणार नाही."

फोन आबांच्या कानाशी धरायला सांगितला. मी म्हणाले, आबा, मी तार परत केली आणि कार्ड पाठवून दिलं, तुम्हाला न विचारता. मी थांबले. फोनमधून फक्त मशीनची घरघर येत होती. एकसारखी, कुठेही न अडखळता.